गस्त, भाग चौथा

नऊ वर्षांनी आला चौथा भाग.
डाउनलोड व्हायला अख्खी दुपार लागली.
तोवर मी थंड सूपसाठी बीट किसलं,
गणवेशाची उसवलेली बाही शिवली.
क्लायपेदाला जूनमध्ये उजेड मावळायचं नाव घेत नाही,
म्हणून खिडकीवर ब्लँकेट टांगलं.
सावलीत लपणाऱ्याला
रात्र स्वतःची स्वतः करावी लागते.

अकराला माझी पाळी. बंदरात, प्लायवूडच्या गोदामावर:
टॉर्च, वॉकीटॉकी, चाव्यांचा जुडगा.
ब्रोन्यूस पाच मिनिटं उशीर झाला तरी
नोंदवहीत लिहितो.

पडद्यावर मी चोर.
आधीच्या तिन्ही भागांतही चोरच होते
आणि त्यात कधी वावगं वाटलं नाही.
न्हावी स्वतःची दाढी वाढवतो, तसंच काहीसं.

पहिल्या भागात सावल्या डांबराने रंगवल्यासारख्या होत्या.
पहारेकऱ्यांना तीनच वाक्यं यायची:
कोण आहे तिकडे?
उंदीर असेल.
भास झाला असेल.

आता गालिच्यावर पाऊल वेगळं, खडीवर वेगळं,
पत्र्यावर तर श्वाससुद्धा वाजतो.
कोट भिजला की मागे थेंबांची ओळ राहते
आणि ती कुणीतरी वाकून बघतं.
संशय आला की त्यांच्या डोक्यावर
पिवळं प्रश्नचिन्ह भरत जातं, खालून वर,
लाल झालं की संपलं.
सुरेख केलंय, मान्य.

पण गस्त?
बारा पावलं, वळण, बारा पावलं.
अरे, अशी कोण घालतं गस्त!
मी मध्येच थांबते. बुटात खडा जातो. मांजर दिसतं.
दोनदा ओढून पाहिलेलं कुलूप
घरच्या गॅससारखं तिसऱ्यांदा आठवतं.
डोळ्यांत तेल घालून जागावं म्हणतात,
तेल दोन वाजता संपतं.
पुढे नुसते डोळे.

तिसरी मोहीम, मिठाचं कोठार.
किल्ली एका जाडसर पहारेकऱ्याच्या पट्ट्याला.
मी त्याच्या मागे, दबा धरून.
बटण दाबायचं, मुसकी आवळायची,
ओढत नेऊन कपाटात कोंबायचं.
हात बसलाय. शेकड्यांनी कोंबलेत.
तेवढ्यात तो खोक्यावर टेकतो,
डावा गुडघा चोळतो,
स्वतःशीच म्हणतो,
‘उतरताना दुखतो. चढताना नाही.’

माझाही डावा.
लोखंडी जिना, तेवीस पायऱ्या.

कुणी लिहिलं असेल हे?
कुठल्या ऑफिसात, कुणाच्या बापाचा गुडघा आठवून?

अंगठा बटणावर तसाच.

फेब्रुवारीत पॅलेटच्या थप्पीमागे
एक मुलगा होता. खांद्यावर तांब्याच्या तारेचं वेटोळं.
टॉर्चच्या कडेला त्याचा बूट आला,
पांढराशुभ्र, नवाकोरा.
चोरीला कुणी पांढरे बूट घालून येतं?
चोराच्या मनात चांदणं म्हणतात,
त्या रात्री चांदणंही नव्हतं, फक्त माझा दिवा
आणि दिव्यात दिसणारी त्याची वाफ,
जी तो तोंडात धरून ठेवू पाहत होता.
माझ्या डोक्यावर तेव्हा पिवळं भरत गेलं असणार,
अर्ध्यापर्यंत, त्याहून थोडं वर.

मी मोठ्याने म्हणाले,
‘उंदीर असेल.’
आणि बारा पावलं चालले.
मोजून.

मिठाच्या कोठारात तो उठला,
लंगडत पायऱ्यांकडे गेला, किल्लीसकट.
माझ्या हाती काहीच नाही.
त्याला जिना पूर्ण उतरू दिला.

दहा वीस. बस चुकेल.
‘जतन करायचं?’ खेळ विचारतो.
ब्लँकेट काढलं, बाहेर अजून उजेडच.
कोट चढवला, चाव्या रुमालात गुंडाळून खिशात घातल्या,
वाजू नयेत म्हणून.

जिन्यात आलं लक्षात.
मी वाजायलाच हवं.
उतरता उतरता रुमाल सोडवला.