नऊ सेकंद

लातुरात, औसा रोडला, टायरच्या दुकानावर
आमचं ऑफिस. कानाच्या मशीनचं.
मशीन बनतं कुठंतरी लांब,
इथं नुसत्या तक्रारी येतात.

ज्यांना ऐकू येत नाही
त्यांनाच फोनवर धीर द्यायचा,
म्हणून मऊ मऊ वाक्यं
आम्ही बोंबलून बोलतो.
"तुमचा त्रास मी समजू शकते!"
खालचा पंक्चरवाला वर बघतो.
"आम्हाला मनापासून खेद आहे!"
तो हात हलवून म्हणतो, राहू द्या.

पुण्याहून आलेल्या मॅडम कागद देऊन गेल्यात,
लॅमिनेशन केलेला, चहा सांडला तरी पुसता यावा असा.
ग्राहकाचं नाव तीनदा घ्या.
'पण' म्हणू नका.
पाच सेकंदांच्या वर शांतता ही चूक धरली जाईल.
आणि 'मी तुमच्या जागी असते तर'
हे एकदा तरी यायलाच हवं.

मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी,
मानवतहून सोजरबाई.
"बाई, तुमचं मशीन खोकतंय."

खरखर येतेय का मावशी? शिट्टी?

"खरखर कळत न्हाई व्हय गं मला?
तीस वर्सं जिनिंगात काढली, सरकीच्या ढिगात,
तिथंच कान गेले. खरखर न्हाई.
खोकतंय. माणसावानी."

बॅटरी बदलली का? बदलली.
नळी साफ केली? नातवानं, तुमच्याच त्या ब्रशानं.
कधी होतं असं?
"दिवसा बी होतंय, पण राती लई.
काढून डबीत ठेवलं
की थांबतंय बघ. तिथल्या तिथं.
मग सांग, बिघडलंय कुणाचं?"

तर्क बिनतोड होता.
'झोपताना मशीन काढून ठेवावे'
या ओळीवर मी बोट ठेवलं. मग उचललं.
विचारलं, मावशी, खोलीत अजून कोण झोपतं?

"हे."

हे कुठं होते कामाला?

"तिथंच की. माझ्या आधीपासून.
हे मशीनच्या तोंडाशी, मी मागं."

मग ती बोलेना.
मी 'मी तुमच्या जागी' म्हणायला तोंड उघडलं
आणि तिची जागाच दिसली मला:
बाजेची एक कड,
हातभर अंतरावर एक पाठ,
किती रात्री हलत असेल कुणास ठाऊक,
आणि ही शेजारी गाढ झोपलेली.
त्या जागी मला जाता येईना.
वाक्य गिळलं.

मग सोजरबाईच म्हणाली,
"कधी बोलले न्हाईत गं. कामून बोलले नसतील?"
मला नाही माहीत, मावशी.
हे मी ओरडून म्हटलं नाही,
तरी तिला ऐकू गेलं.

सरकारी दवाखान्याची वेळ शोधून सांगितली,
ते आमच्या कामात बसत नाही.
तिनं ती दोनदा घोकली.
"आन् मशीन?"
मशीन चांगलंय.
"व्हय, चांगलंय," म्हणाली, रागानंच,
आणि ठेवला.

तक्रारीचा प्रकार: बॅटरी, नळी, चार्जिंग, इतर.
इतर.

शनिवारी हिप्परगेकर सरांनी कॉल सगळ्यांपुढं लावला.
नाव एकदाही नाही, 'मावशी' मोजत नाहीत.
सहानुभूती: दहापैकी चार.
"आणि हे बघ, निशात. नऊ सेकंद. नऊ!
झोपली होतीस का?"

तेवढाच तुकडा त्यांनी परत लावला,
आवाज वाढवला,
कान स्पीकरला नेला.
"ही लाईनीत खरखर कसली?"

खरखर नाही सर, मी म्हटलं.