एक काडतूस कमी

अण्णांचं मासिक घातलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी
बंदूक जमा करायला वडाळ्याला गेले.
बारा बोअर, दुनळी, परवान्यासकट.
हवालदार सौंदाणे म्हणाले, टेबलावर ठेवा, तोंड भिंतीकडे.
मला वाटलं, माझं.

सव्वीस वर्षं बँकेच्या शटरशी
स्टुलावर बसले अण्णा तिला मांडीवर घेऊन.
मला इतका वेळ कधी घेतलं नाही.
दर निवडणुकीला ठाण्यात नेऊन ठेवायचे,
निकाल लागला की पावती दाखवून परत,
माहेरी गेलेल्या सुनेला आणावं तशी.
नूतनीकरणाला शेजाऱ्यांचे जबाब:
माणूस पितो का, भांडतो का, डोकं ठिकाणावर आहे का?
तळाशीलकर मावशींनी सांगितलं, घोरतो.

सौंदाणे काडतुसं मोजतात.
पुस्तकात पंचवीस, डब्यात चोवीस.
पुन्हा मोजतात, ओठ हलवत.
एक कुठे गेलं, लेखी द्या.

खिडकीबाहेर आवारात ती उभी,
पांढरी, बॉनेटवर बदामाची पानं,
डावा दिवा फुटलेला.
तो अण्णांनी फोडला, म्हणजे
अण्णांच्या खांद्याने.
मालकाचा माणूस फाईल घेऊन माझ्याच बाकावर.
कोर्टाचा हुकूम, हमीपत्र, विमा,
पीयूसीसुद्धा चालू: धूर मर्यादेत.
लायसन्सही खरंच.
एकोणीस वर्षांपूर्वी ताडदेवला
त्याने आठचा आकडा काढून दाखवला होता.
त्यानंतर त्याच्या शेजाऱ्यांना
कोणी काही विचारलेलं नाही.

माझ्याही पर्समध्ये किल्ली आहे.
शाळेची व्हॅन चालवते मी, चौदा मुलं.
मागच्या श्रावणात किंग्ज सर्कलला
एक म्हातारा असाच मध्ये आला,
ब्रेक लागला.
लागला, म्हणून मी बाकाच्या या टोकाला.

काडतूस कुठे गेलं, ते मला माहीत आहे.
सातवीत होते. बंदूक उडवून दाखवा म्हणून
हट्ट धरला, तर अण्णांनी
सुरीने एक काडतूस उघडलं, परातीत ओतलं.
छर्रे मोहरीसारखे घरंगळले.
म्हणाले, हे बघ. एवढ्याचे एवढे कागद.
आईने ते तुळशीच्या कुंडीत पुरले,
आठवडाभर अण्णांशी बोलली नाही.

मी लिहिलं: काडतूस घरीच उघडलं.
कोणालाही लागलं नाही.
सौंदाणे म्हणाले, असं नाही चालत, तारीख टाका.

बाहेर गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली.