वाढ

परळला, भोईवाड्याच्या वळणावर, दुसऱ्या मजल्यावर
नवं मशीन आलं. लिफ्टमध्ये मावेना,
म्हणून खिडकीची जाळी काढून दोरांनी वर घेतलं.
शिपाई मोकलनं त्याच्यापुढे नारळ वाढवला.
फोडला म्हणायचं नाही.
बांगडीसुद्धा आमच्यात फुटत नाही, वाढते.
जिथे तुटतं तिथे ही भाषा हात आडवा धरते.

मग पडद्यावर आलेख.
गुरगावहून आलेले मेहरोत्रा, कडक कॉलरचे,
रेघेवरून लाल टिंब सरकवत म्हणाले,
रक्तविकारांच्या तपासण्या : सात वर्षांत बाजार दुप्पट.
थॅलेसेमिया, सिकलसेल, ल्युकेमिया,
एकेका विकाराला एकेका रंगाचा खांब
आणि सगळ्यात उंच खांबाला टाळ्या.

मी मागच्या खुर्चीत. एकतीस वर्षं झाली
लिशमनच्या निळ्या-जांभळ्यात बोटं बुडवून.
आमच्या टेबलावर वाढ दिसली
की कुणी टाळी वाजवत नाही.
पुन्हा मोजतो.
नमुना बदलला नाही ना, बघतो.
मग शेजारच्या कुणाला तरी हाक मारतो,
'जरा डोळा लाव गं इथे.'

खोटं कशाला बोलू?
कामेरकर डॉक्टरांच्या काळात
जव्हारहून एक बाप पोराला खांद्यावर घालून यायचा.
पोर गुडघे धरून रडायचं.
ती तपासणी फक्त गुरुवारी,
तीही पुरेसे नमुने जमले तर.
चौथ्या गुरुवारी विळ्यासारख्या पेशी
मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या, रिपोर्ट टाइप केला.
न्यायला कुणी आलंच नाही.
अजून कपाटात आहे, पिवळा पडलेला.
आता चाळीस मिनिटं लागतात.
बाजारानंच आणली आहेत ती चाळीस मिनिटं.
त्यांना मी नावं ठेवणार नाही.

त्याच दुपारी, पेढ्यांचे बॉक्स उघडे असताना,
ट्रॉम्बे कोळीवाड्याची पिशवी घेऊन इम्तियाज आला,
हेल्मेट न काढताच.
निहार तांडेल, वय सहा. ताप उतरत नाही. मांडीवर निळे डाग.
मशीननं नमुना गिळला, जरा थांबलं
आणि वर जाणारा बाण काढला.
एक लाख अठरा हजार.

मी काच घेतली. थेंब ओढला, वाळवला, रंग दिला.
डोळा लावला.
मोठाल्या, कोवळ्या, सगळ्या एकसारख्या,
शाळा सुटावी तशा
काचभर.

रिपोर्ट पाच चाळीसला आपोआप मोबाइलवर जातो.
खाली हिरव्या चौकटीत : पुढच्या तपासणीवर दहा टक्के सूट.
मी तो अडवला.
मेहरोत्रा म्हणाले, मॅडम, वेळ पाळणं हेच आपलं नाव आहे.
म्हटलं, माझं नाव गवाणकर.
आणि फोन लावला.

पलीकडे कुकर. 'आला का रिपोर्ट? काय निघालं?'
पांढऱ्या पेशी वाढल्यात, म्हटलं.
मध्ये एक शिट्टी.
'वाढल्यात म्हणजे बरंच ना, मॅडम?
मागच्या खेपेला रक्त कमी सांगितलं होतं.
तवापासून रोज बीट देते.'

भाषेनं आडवा धरलेला तो हात
मला काही बाजूला करता येईना.
एवढंच म्हटलं, त्याला घेऊन या. आजच. टॅक्सीनं या.
किती का वाजेनात, मी आहे इथे.

टेबलावर सकाळच्या नारळाचं खोबरं होतं,
पोरासाठी म्हणून कागदात बांधलं.
मग आठवलं, आता त्याला
बाहेरचं काही द्यायचं नसतं.
पुडी हातातच राहिली.
लिफ्ट थांबल्याचा आवाज आला, मी दारापर्यंत गेले.
मेहरोत्रा होते. खाली निघाले होते.