लादोब

सहा वर्षांनी दुधराम आला सेशेल्सच्या हॉटेलातून
आणि लाखांदूरच्या बाजारात नारळ शोधत फिरला.
दोनच मिळाले, पूजेच्या दुकानातले,
हलवले तर आत पाणी वाजेना.

"फणसासारखं असते तिकडं. पण फणस नाही."
सुगंधाबाई सुरणावर बोट ठेवून उभी.
शेवटी रताळी घेतली.

चुलीवर दूध, गूळ, जायफळ.
व्हॅनिला नव्हतीच. भावाला न विचारता
तिनं वाळल्या मोहाची चार फुलं टाकली.
तो ओरडणार होता,
पण वास आला
आणि आठवली ओझेली, त्याला रांधायला शिकवणारी म्हातारी.
तिच्या पणजीला कोणीतरी जहाजात घालून आणलं होतं.
जे सापडलं ते शिजवलं, ती म्हणे,
आणि झाकणावर पळी आपटे.

बाबा तलावावरून आले, जाळं ओलं,
टोपल्यात मूठभर झिंगे.
"यात मासोळी कुठं हाये?"
"नसते, बाबा. गोड असते हे."
"नाव काय म्हनलं?"
"लादोब."
"लाडोबा," बाबा म्हणाले,
आणि वाटी पुढं केली.

झिंगे तसेच राहिले टोपल्यात.
मांजरानं नेले.