उतार

कूलर बंद केला की मिनिटभरात खोलीचा तवा होतो.
तरी बंद करावाच लागतो,
नाहीतर त्याची घरघर बेंजोच्या पोटात जाऊन बसते
आणि मग काढू म्हटलं तरी निघत नाही.

मे महिना, त्रिमूर्तीनगर, दुपारचे साडेतीन.
आठ ट्रॅकचा रेकॉर्डर शिलाई मशीनच्या फळीवर,
सीताबर्डीहून सेकंडहँड आणलेला.
तिसऱ्या फेडरची टोपी आधीच्या मालकाकडेच राहिली,
तिथं मी बॉलपेनचं निळं टोपण बसवलंय.

शालिककाका सकाळीच वाजवून गेले, ऊन चढायच्या आत.
पाच चिजा. पाचही चिजांचा शेवट एकच.
हात उचलल्यावर जरा दम धरा काका,
हे मी किती वेळा सांगितलं असेल.
सूर अजून तारेवर असतो
आणि ते विचारतात, "झालं का वं बाई?"

म्हणून हा उतार.
"झालं का"च्या आधी आवाज शून्यावर पोचायला हवा,
पण सुराला कुणी घराबाहेर काढलं
असं वाटता कामा नये.

मशीन दोन रेषा देते, एक सरळ, एक वाकडी.
सरळ रेषा ऐकायला सरळ नसते.
बराच वेळ काहीच होत नाही,
मग अंधारात जिन्याची शेवटची पायरी चुकावी तसं.
वाकडी बरी, पण ती सगळ्यांसाठी सारखीच वाकते.

मी हातानंच करते.
अंगठा निळ्या टोपणावर, ओठांत आकडे, आठपर्यंत.
घामानं बोट सटकलं की पुन्हा पहिल्यापासून.
मूळचं आधी सातव्या ट्रॅकवर उतरवून ठेवते,
कारण या मशीनला पश्चात्ताप
एकदाच करता येतो.

चौथ्या वेळी जमलं.
आणि जमल्याबरोबर वीज गेली.
तिला उतार-बितार माहीत नाही.
फ्रीज, पंखा, वाकोडीकरांकडचा टीव्ही,
सगळं एका घावात.
सेव्ह केलं होतं, नशीब.

सातला वीज आली, साडेसातला काका.
हेडफोन उलटा घातला, डावा कान उजवीकडे,
मी काही बोलले नाही.
पायजम्यावर बोटं चालत होती, एक बटण चुकलं तर
बोट तिथंच थबकून मागं यायचं.
मग त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.
मीटरवर अजून तीन हिरवे दिवे जळत होते.

"लवकर तोडलं तूनं."
"तोडलं नाही काका. सुरू आहे अजून."
"कुठं?"

मी त्यांच्या मांडीवरून उचलून कानाला लावला.
होता. झिजलेल्या नाण्यासारखा, छाप गेलेला,
पण होता.

मोतीबागच्या शॉपमध्ये एकतीस वर्षं
छोट्या गाडीच्या डब्यांना रिबिटा मारल्या त्यांनी.
कोणत्या साली कोणता घाव
किती सेकंद घेऊन गेला, याचा हिशेब
पेन्शनच्या कागदात नाही.
सून म्हणते, मामंजींना हवं तेवढंच ऐकू येतं.

काका दिव्यांकडे बघत होते.
"मंग ते 'झालं का' ठेव," म्हणाले.
"तेवढं मले आयकू येते."

सातवा ट्रॅक उघडला.
शेवटचा सूर, त्याच्यावर पाय देऊन त्यांचा प्रश्न,
मग बराच वेळ नुसती खोली.
मग कुणी बाई म्हणते, "झालं, काका."
थकलेली. माझ्या आईसारखी.
मी होते ती, हे कळायला मला वेळ लागला.
मग खुर्ची सरकते, खटका पडतो,
आणि कूलर सुरू होतो,
पहिल्यांदा खोकत, मग भरभरून.

काका हसले. "हे बी आयकू येते!"
"हे काढते मी."
"नको. यालेच उतरव."

तर मी निळ्या टोपणावर अंगठा ठेवला
आणि पाणी टपकत्या, गंजक्या, उस्मानी कंपनीच्या कूलरला
सुरासारखं सावकाश खाली घेतलं.
आकडे मोजले नाहीत.
काका कान सोडून डोळ्यांनी ऐकत होते, वाकून,
एकेक हिरवा दिवा.
शेवटचा विझला तेव्हा
हं, म्हणाले.
मी म्हटलं, झालं का?