टक्का

सिव्हिलच्या डॉक्टरांनी माझा डावा पाय
टेपनं मोजला, दोनदा वाकवून बघितला
आणि लिहिलं : बासष्ट टक्के.
उरलेल्या अडतीसात मी ब्लाउज शिवते,
लग्नसराईत दिवसाला पाच.

पंचायतीच्या उत्पन्नातले पाच टक्के आमचे.
असा कायदा आहे, म्हणजे कागद आहे.
यादीत सात जण.
घरपट्टी निम्म्या गावानं थकवलेली,
म्हणून आमचे पाचही थकलेले.
तरी मार्च संपायच्या आत
निधी खर्ची पडायला हवा, म्हणून
पलूसहून टेम्पो आला.
सात पांढऱ्या काठ्या. घडीच्या.
खालच्या टोकाला लाल पट्टा.

सातांत आंधळा एकच, शिवलिंग जंगम.
त्याच्याकडं आधीच्याच दोन होत्या.

रमजान मुल्लाला ऐकू येत नाही.
त्यानं काठी उघडली, मिटली, उघडली,
आणि सरपंचांकडं बघून असा हसला
की फोटो झकास आला.
हौसाक्काच्या प्रसन्नला मान धरता येत नाही.
अकरा वर्षांचा आहे.
मांडीवर ठेवलेली काठी घरंगळली,
परत ठेवली, परत घरंगळली.
मग फोटो होईस्तोवर
हौसाक्कानंच ती दाबून धरली.
माझी परसात आहे, उलटी रोवलेली.
घेवडा लाल पट्ट्यापर्यंत पोचलाय.

ऑगस्टात ग्रामसभा. वरच्या मजल्यावर.
रॅम्प आहे की. रॅम्प चढून गेलं
की ग्रामसेवकांची मोटरसायकल लागते,
आणि तिच्या मागं जिना.
पदर खोचून मी बसून चढले.
माझी कुबडी शिवलिंगाच्या काखेत,
तो पुढं, काठीनं टकटक मोजत :
"अठरा हाईत, तायडे. अकरा झाल्या."
दोघं-तिघं म्हणाले, उचलून नेतो.
म्हटलं, नको.
उचललेल्या माणसाला भांडता येत नसतंय.

विचारलं, काठ्या कुणी मागितल्या?
रजिस्टर उघडलं.
'लाभार्थ्यांच्या मागणीनुसार', निळ्या शाईत.
खाली सात अंगठे.
मला सही येते.
आणि प्रसन्नची मूठ
जन्मापासून मिटलेली,
अंगठा आत.
हौसाक्का रोज कोमट पाण्यानं
एकेक बोट सोडवून धुते.

सभा जरा वेळ पंख्याकडं बघत राहिली.

म्हटलं, पुढचं कोरं पान द्या.
लिहीत गेले. प्रसन्नला मान टेकेल अशी खुर्ची,
आणि डायपर, दर महिन्याला, एकदाच नव्हे.
शिवलिंग म्हणाला, मला कशाला काय,
गल्लीतल्या गटारीवर तेवढी फरशी टाका,
दोनदा आत गेलोय.
सुताराच्या इंदूला काय हवं
ते विचारायला एक पोरगा पळाला,
तो अजून यायचाय.
माझ्या नावापुढं लिहिलं : सभा खाली घ्या.

रमजाननं माझ्या हातातलं पेन घेतलं
आणि बल्ब काढला.
दारावरचा, बेल दाबली की आत पेटणारा,
एक वायर, एक बटण,
किरणं सुद्धा, मोजून सहा.

"चित्र चालत न्हाय," ग्रामसेवक म्हणाले,
"ऑडिटला काय दाखवू?"

रमजान त्यांच्या ओठांकडं बघत होता.
मग वाकला,
आणि बल्बाखाली सही केली.
सावकाश, पूर्ण नाव,
मुल्लातला ल्ल नीट जोडून.