रंगावर जाऊ नका

रास्ता पेठेत, पॉवर हाऊसच्या अलीकडच्या बोळात
वरदराजन तीन स्टीलच्या ताटल्या माझ्यापुढे सरकवतो.
तिन्हींत कच्च्या बिया. तिन्ही बिनकॅफीनच्या, तिन्ही सेंद्रिय.
कागद दाखवतो, शिक्का दाखवतो,
मग चष्मा कपाळावर ढकलून म्हणतो,
"कागद मी वाचलाय, काका. तुम्ही वास घ्या."

कच्ची कॉफी हिरवी असते, एवढं मला ठाऊक होतं.
ही आधीच तपकिरी,
धुऊन धुऊन विटलेल्या खाकी शर्टासारखी,
माझा होता तसा, खडकीच्या कारखान्यात,
दारूगोळा, तपासणी विभाग, एकतीस वर्षं.

पहिल्या ताटलीला वासच नाही.
दुसरीला भिजून वाळलेल्या पुठ्ठ्याचा.
तिसरीला कडब्याच्या गंजीचा,
आणि तळाशी कुठेतरी
नुकत्याच दळून आणलेल्या ज्वारीच्या पिठाचा, कोमट.

"हिच्यातलं कसं काढलं?"
"पाण्यानं. नुसत्या पाण्यानं, मग कोळशाची गाळणी."
"आणि ही पुठ्ठ्याची?"
"तीही पाण्यानंच. पण गेल्या सालची आहे."
थोडं थांबून, "विचारलंत म्हणून सांगितलं असं नाही हं,
सांगणारच होतो."

तिसरीतली मूठभर घेऊन तळहातावर पसरतो.
फुटकी एक, किडीचं भोक असलेली एकही नाही.
जुनी खोड. नमुना हातात आला
की बोटं आपली आपण मोजू लागतात.

कुमुदिनीचा फोन.
"ज्यातलं काढायचं ते काढलं, मग उरलेलं भाजायचं कशाला?
त्यापेक्षा फुटाणे आण."
मी म्हणतो, अर्धा किलो.
वरदराजनला म्हणतो. तिला काहीच म्हणत नाही.

कशाला, हे मलाही नीट सांगता येत नाही.
चोवीस तास छातीला यंत्र बांधून
त्यांनी माझी एक लांबच लांब रेघ काढली,
डॉक्टरांनी पेन ठेवलं तिच्यावर, इथे, इथे आणि इथे,
ठोका गाळलाय.
म्हणाले, कॉफी बंद.
वास बंद असं नाही म्हणाले.

पहिला घाणा मी रंगावरून उतरवला.
बदामी झाली, गॅस बंद.
प्यायलो तर शेंगांची टरफलं उकळल्यासारखी.
वरदराजन फोनवर हसला नाही, हे त्याचे उपकार.
"हिला रंग आधीपासूनच असतो, काका.
रंगावर जाऊ नका. कान लावा.
साधी कॉफी लाह्यांसारखी फुटते,
ही लाजते. एकदाच, हळू."

कान.
डावा माझा चाचणीच्या मैदानावरच राहिला,
उजव्यात उरलंय ते पगारपत्रकासारखं, कपात वजा जाऊन.

दुसऱ्या घाण्याला लोखंडी कढई, मंद आच,
उलथनं गोल, गोल, गोल, बेसन भाजताना फिरवतात तसं.
कडब्याचा वास गेला. पावाचा आला.
बिया गडद झाल्या, मी बघायचं टाळलं.
मग धूर, अगदी बारीक, आणि मी नुसता उभा,
एकतीस वर्षं स्फोटांची वाट पाहिलेला माणूस,
एवढ्याशा बीपुढे वाकून.

एकदम पंखा बंद. टीव्ही बंद.
कुमुदिनी दारात, पदराला हात पुसत.
"गप्प उभा राहा."
मी गप्पच होतो.
"हं. फुटली. पलीकडच्या खोलीत
कुणी काडी मोडावी तशी. आणखी एक.
आता काय करायचं असतं?"

मिनिटभर मोजलं, चाळणीत ओतली,
बाल्कनीत नेऊन हलवली.
कोंडा जेमतेम उडाला.
खालच्या मजल्यावरून करमरकरांनी विचारलं, काय करपलं?

लगेच प्यायची नसते. परवापर्यंत डब्यात,
झाकण सैल, आतला वायू जायला हवा.
हे सगळं मी तिला समजावून सांगितलं,
तिनं ऐकून घेतलं.

रात्री केव्हातरी ती कोपरानं मला हलवते.
"झाकण वाजलं."
मला काही ऐकू येत नाही.
"वाजलं रे. श्वास घेतेय तुझी ती."
मग कूस वळवून,
"परवा मलाही अर्धा कप. साखर घालून.
आणि मी साखर घातली म्हणून
तोंड वाकडं करायचं नाही."